वापरलेले प्रायमर जमिनीवर का सांडतात आणि ते बाटलीपर्यंत कसे न्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी रीलोडिंगसाठी, म्हणजे वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी, ओ-आकाराच्या बिडाच्या फ्रेमचा सिंगल स्टेज (एका वेळी एकच टप्पा करणारा) प्रेस आहे. पुंगळी साइझ करताना, म्हणजे डाय या साच्यात दाबून मापाला आणताना, जुना प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठोका बसला की पेटणारी लहान टोपी) निघतो, पण पुढच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये सगळे पडत नाहीत. काही टेबलावर उडतात, काही जमिनीवर जातात, काही रॅमच्या, म्हणजे पुंगळीला वर नेणाऱ्या दांड्याच्या, खाचेतच अडकतात. मोठा ट्रे लावून पाहिला, ट्रेमध्ये चुंबक ठेवून पाहिले, उपयोग झाला नाही. आता काय करावे?

चुंबकाचा उपयोग होणार नव्हताच. प्रायमरची वाटी आणि तिच्या आतले तिकोनी अँव्हिल (ठोका बसल्यावर मिश्रण ज्यावर दाबले जाते तो तुकडा) साधारणपणे पितळेचे असते. वाटीवर निकेलचा मुलामा असला तरी तो इतका पातळ असतो की चुंबक तो उचलत नाही. मोठ्या ट्रेने थोडा फरक पडतो, पण बहुतेक प्रायमर ट्रेच्या बाहेर जातात ते ट्रे लहान आहे म्हणून नव्हे. प्रायमर ढकलणाऱ्या पिनपासून ट्रेपर्यंतची वाट उघडी आहे, म्हणून ते जातात. तेव्हा भांड्याचा आकार वाढवत बसण्यापेक्षा वाट बंदिस्त करा. ते जमत नसेल तर प्रायमर काढण्याचे काम या प्रेसवरून हलवा. माझे मत विचाराल तर दुसरा मार्ग जास्त चांगला, पण आधी पहिला नीट समजून घेऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. जमिनीवर सांडलेले प्रायमर दिसतात म्हणून त्यांचा त्रास वाटतो. खरी काळजी त्यांच्याबरोबर पडणाऱ्या काळ्या पुडीची करायला हवी. नेहमीच्या प्रायमरच्या मिश्रणात लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असते. जळल्यावर त्यातले बरेचसे बंदुकीच्या नळीतून बाहेर जाते, पण शिसे, बेरियम आणि अँटिमनीचा काही अंश प्रायमर पॉकेटमध्ये (पुंगळीतल्या प्रायमर बसण्याच्या खळग्यात) आणि वाटीत चिकटून राहतो. पिन प्रायमरला ढकलते तेव्हा ही पूड सुटते. एका प्रायमरमधली पूड नगण्य असते, पण शेकडो पुंगळ्यांनंतर प्रेसच्या पायाशी जो काळा थर दिसतो तो हाताला, कपड्याला आणि चपलेला लागून घरभर फिरतो. म्हणून प्रायमर पकडण्याची जी सोय कराल ती पूडही पकडते का, हे बघा.

प्रायमर नेमका कुठे निसटतो

बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी आत जाण्याचे भोक) असते, साधारण २ मिलिमीटरचे. डायमधली पिन त्यातून खाली येऊन प्रायमरला आतून ढकलते. प्रायमर पॉकेटमध्ये घट्ट बसलेला असतो. लहान प्रायमरचा व्यास सुमारे ४.४५ मिलिमीटर आणि मोठ्याचा ५.३३ मिलिमीटर. हँडल दाबत जाता तसा पिनवरचा जोर वाढतो, प्रेसची फ्रेम आणि सांधे किंचित ताणले जातात, आणि मग प्रायमर एकदम सुटतो. त्या क्षणी साठलेला सगळा ताण मोकळा होतो आणि प्रायमर खाली पडत नाही, तो फेकला जातो. रॅमच्या पोकळीच्या तळावर आपटून तो खाचेतून पुढे उसळतो. ट्रेच्या कठीण प्लास्टिकवर पुन्हा उडतो. ही पहिली गळती.

दुसरी गळती रॅम खाली येताना होते. पुढच्या बाजूला खाच असलेल्या रॅममध्ये प्रायमर पुष्कळदा खाचेच्या काठावरच पडून राहतो. रॅम खाली आला की तो घसरतो आणि ट्रेच्या कडेवर किंवा ट्रे व फ्रेम यांच्यातल्या फटीवर येतो. ट्रे फ्रेमला नुसता अडकवलेला असतो, त्यामुळे मागच्या बाजूला दोन-चार मिलिमीटरची फट जवळजवळ नेहमीच असते. अख्खा प्रायमर तिच्यातून जाईलच असे नाही, पण सुटलेले अँव्हिल आणि काळी पूड हमखास जाते. प्रायमर बसवण्याचा दांडा खाचेत तसाच ठेवून साइझिंग करत असाल तर प्रायमर त्या दांड्यावर बसून वरखाली फिरतात आणि भलत्याच ठिकाणी उतरतात. साइझिंगच्या वेळी तो दांडा काढून ठेवा. एवढ्यानेच काही प्रेसवर निम्मी कटकट संपते.

तिसरी गळती लोकांच्या ध्यानातच येत नाही, कारण ती प्रेसवर होतच नाही. पिन कमी बाहेर आलेली असेल तर प्रायमर पॉकेटमधून पूर्ण सुटत नाही, काठाशी लटकतो. तुम्ही पुंगळी शेल होल्डरमधून (रॅमच्या डोक्यावरच्या पुंगळी धरणाऱ्या भागातून) काढता, डब्यात टाकता आणि प्रायमर वाटेत गळून पडतो. जमिनीवरचे प्रायमर प्रेसच्या पुढे न सापडता उजव्या हाताच्या बाजूला, पुंगळ्यांच्या डब्याजवळ सापडत असतील, तर ट्रेकडे बघूच नका. डायच्या तळापासून पिनचे टोक सुमारे ५ मिलिमीटर बाहेर असायला हवे. डायसोबतच्या पत्रकात वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. त्याहून फार जास्त ठेवू नका, नाहीतर पिनचा जाड भाग फ्लॅश होलवर टेकतो आणि वाकतो.

चौथी गोष्ट म्हणजे पिनला चिकटून परत वर जाणारा प्रायमर. पिनच्या टोकाला झिजून खोलगटपणा आला असेल, किंवा टोकाच्या कडेला बर (धातूची बारीक खरखरीत कड) उठला असेल, तर ती वाटीत रुतते आणि वर जाताना प्रायमरला पुन्हा पॉकेटमध्ये ओढते. ओल्या प्रायमरमध्ये हे जास्त दिसते, म्हणजे पुंगळ्या आधी पाण्यात घोळवून पूर्ण वाळण्याआधी डिकॅप केल्या, म्हणजे त्यांतला प्रायमर काढला, तर. उपाय सोपा आहे. पिन काढून ड्रिलमध्ये धरा आणि बारीक दगडावर किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोकाच्या कडा किंचित गोल करा. टोक अणकुचीदार करू नका, ते वाटीला भोक पाडते.

वाट बंदिस्त करणे

आधी तुमचा प्रेस कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. रॅम आरपार पोकळ असेल तर प्रायमर सरळ खाली उतरतो आणि रॅमच्या बुडाला लावलेल्या नळीत जातो. ली कंपनीचा क्लासिक कास्ट असा आहे. फोर्स्टरच्या को-ॲक्समध्येही प्रायमर सरळ खालच्या भांड्यात उतरतो. आरसीबीएसच्या रॉक चकरसारख्या प्रेसमध्ये रॅमला पुढून खाच असते आणि प्रायमर पुढे ट्रेमध्ये पडतात. तुमचा प्रेस या दुसऱ्या जातीचा वाटतो.

पोकळ रॅमवाल्यांचे काम सोपे आहे, तरी त्यातही लोक दोन ठिकाणी फसतात. एक, नळी रॅमला जोडलेली असते, म्हणजे ती रॅमबरोबर वरखाली जाते, साधारण १० सेंटिमीटर. नळीचे खालचे टोक बाटलीच्या झाकणात पक्के चिकटवले आणि बाटली जमिनीवर ठेवली, तर रॅम खाली आल्यावर नळी दुमडते आणि त्या दुमडीत प्रायमर अडकतात. बाटली नळीलाच लटकू द्या, नाहीतर रुंद तोंडाच्या बरणीत नळीचे टोक १५ सेंटिमीटर आत मोकळे सोडा, म्हणजे रॅम वर गेला तरी टोक बरणीबाहेर येत नाही. दोन, नळीचा आतला व्यास. प्रायमर एकेक करून पडतात तोवर अरुंद नळी चालते. पण खालचे टोक बंद करून नळीतच साठवायची सवय असेल, तर रिकामी करताना दोन-तीन प्रायमर आडवे होऊन एकमेकांना धरतात आणि कमान तयार होते. मोठ्या प्रायमरला १२ मिलिमीटर हे मी किमान धरतो. साठवण नळीतच करणार असाल तर १६ मिलिमीटर. प्रेस टेबलाच्या कडेपासून आत बसवला असेल, तर रॅमच्या बरोबर खाली टेबलाला २५ मिलिमीटरचे भोक पाडा आणि त्याची वरची कड पॉलिश पेपरने घासून घ्या, म्हणजे नळी कापली जाणार नाही. नळीला वळण द्यावेच लागले तर उतार ४५ अंशांपेक्षा सौम्य होऊ देऊ नका.

आता तुमच्या, म्हणजे पुढे खाच असलेल्या प्रेसकडे. रॅमला भोक पाडून तो पोकळ करावा असे कुणीतरी सुचवेलच. करू नका. रॅम कडक केलेल्या पोलादाचा असेल तर साधा ड्रिल टेकत नाही. मऊ असेल तर भोक वाकडे जाण्याची शक्यता मोठी, आणि शिवाय खालच्या सांध्याची पिन वाटेत येते. त्याऐवजी रॅमच्या पुढे पडदा उभा करा.

जुन्या प्लास्टिक फाइलच्या कव्हरचा तुकडा घ्या, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाड, पारदर्शक असेल तर उत्तम. रॅम पूर्ण खाली असताना शेल होल्डरच्या खालच्या कडेपासून ट्रेच्या तळापर्यंतची उंची मोजा. पडद्याची उंची तेवढीच, पण खालची कड ट्रेच्या काठाच्या निदान १५ मिलिमीटर आत उतरली पाहिजे, काठाबाहेर नको. पडदा अर्धगोल वाकवून रॅमच्या पुढे उभा करा आणि त्याच्या दोन्ही उभ्या कडांना चिकट चुंबकपट्टी लावून फ्रेमच्या दोन पायांवर बसवा. इथे मात्र चुंबक कामाचे आहे, कारण फ्रेम बिडाची आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर दुहेरी टेप किंवा लहान स्क्रू-क्लँप वापरावा लागेल. पडदा आणि रॅम यांच्यात १५ ते २० मिलिमीटर जागा ठेवा. कमी ठेवली तर प्रायमर त्या फटीत उभा अडकतो, जास्त ठेवली तर हँडल फिरवताना पडदा हाताला लागतो. बसवल्यावर पुंगळीशिवाय हँडल दहा-बारा वेळा पूर्ण वरखाली करून बघा. शेल होल्डर, सांधे किंवा बोट कुठेही घासता कामा नये.

ट्रे आणि फ्रेम यांच्यातली मागची फट दारा-खिडक्यांना लावतात त्या फोमच्या चिकट पट्टीने बुजवा. पट्टी ट्रेला लावा, फ्रेमला नको, म्हणजे ट्रे काढताना तिचे तुकडे होत नाहीत. ट्रेच्या तळाशी पातळ रबराचा किंवा नमद्याचा तुकडा कापून ठेवला की दुसरी उसळी थांबते. कोरड्या प्लास्टिकला स्थिर विजेने पूड चिकटून राहते. रबर उचलून धुता येते, हा त्याचा जास्तीचा फायदा.

ट्रेला नळी जोडायची हौस असेल तर कोपऱ्यात भोक पाडून तिथे रबरी ग्रोमेट बसवा आणि त्यात नळी घाला. पुष्कळ ट्रे पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि त्याला हॉट ग्लू किंवा इपॉक्सी धरत नाही. चार दिवस टिकेल आणि एक दिवस सगळे प्रायमर पायावर येतील. ग्रोमेट दाबून बसते, त्याला चिकटण्याची गरज नसते. पण सपाट तळाच्या ट्रेमध्ये प्रायमर आपोआप भोकाकडे सरकत नाहीत. त्यासाठी ट्रेला उतार द्यावा लागतो आणि तो दिला की मागची फट वाढते. माझा सल्ला असा की नळीच्या नादी न लागता दर शंभर पुंगळ्यांनंतर ट्रे रिकामा करावा. भरलेला ट्रे हे उसळीचे सर्वांत सामान्य कारण आहे: नवा प्रायमर जुन्या ढिगावर पडतो आणि तिथून कडेबाहेर जातो.

आणि हँडल. शेवटच्या इंचात घाई करू नका. प्रायमर हलायला लागल्याचे हाताला कळते. तिथे जोर किंचित आवरला की सुटण्याचा झटका निम्मा होतो. सगळा पडदा आणि सगळी पट्टी बसवूनही जो हँडल आपटतो त्याचे प्रायमर उडतच राहतात.

डिकॅपिंग वेगळे काढणे

हा मार्ग मला जास्त पटतो. साइझिंग डाय अचूक काम करते आणि रॅम व शेल होल्डर स्वच्छ राहावेत अशी तिची अपेक्षा असते. त्याच जागी तुम्ही खरखरीत, शिसे असलेली पूड पाडता. ती रॅमच्या तेलात मिसळते, काळी लोणी होते आणि रॅमबरोबर वरखाली घासली जाते. कितीही चांगला ट्रे लावलात तरी पूड रॅमवर पडणारच, कारण तिचा उगम रॅमच्या वर आहे.

त्यापेक्षा युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय घ्या. तिच्यात साइझिंगचा भाग नसतो, फक्त पिन असते, त्यामुळे ती पुंगळीच्या भिंतीला लागत नाही. पुंगळी न धुता, न तेल लावता चालते. एकच डाय बहुतेक सगळ्या कॅलिबरना पुरते. ती एखाद्या जुन्या, स्वस्त प्रेसवर कायमची बसवून ठेवा. पोकळ रॅमचा मिळाला तर सोन्याहून पिवळे. किंवा हाताने दाबायचे डिकॅपिंग साधन घ्या. त्यात प्रायमर थेट साधनाच्याच नळीत किंवा डबीत जातो. फ्रँकफर्ड आर्सेनलचे हातसाधन या प्रकारचे आहे. त्याची वाट जवळजवळ पूर्ण बंद असते, उसळायला जागाच नसते. तोटा एवढाच की दोन-तीनशेच्या पुढे मनगट बोलायला लागते, आणि क्रिंप केलेल्या (प्रायमरभोवतीची कड दाबून घट्ट केलेल्या) लष्करी पुंगळ्यांवर तर लवकरच.

वेगळ्या डिकॅपिंगचा दुसरा फायदा साफसफाईत दिसतो. आधी प्रायमर काढला की पाण्यात किंवा स्टीलच्या बारीक पिनांमध्ये घोळवताना पॉकेटही धुतले जाते, फ्लॅश होलही मोकळे होते. साइझिंगला येणारी पुंगळी तेव्हा स्वच्छ असते, डायमध्ये ओरखडे येत नाहीत. फक्त घोळवल्यानंतरचे काळे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, त्यातही तेच शिसे आहे.

हे काम शक्यतो घराबाहेरच्या खोलीत, गॅरेजमध्ये किंवा उघड्या गच्चीवर करा. गालिचा असलेल्या खोलीत कधीच नको. गालिचातून प्रायमर वेचता येतील, पूड वेचता येत नाही.

प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे हँडलच्या एकाच फेरीत अनेक टप्पे करणारा प्रेस, असणाऱ्यांसाठी थोडेसे. तिथे निसटलेला प्रायमर किंवा अँव्हिल नुसता कचरा राहत नाही. तो शेल प्लेटखाली (पुंगळ्या फिरवणाऱ्या चकतीखाली) गेला की प्लेट अर्धवट फिरते, पुंगळी आणि डाय एका रेषेत येत नाहीत, आणि पुढच्या टप्प्यावर पावडर (बारूद) पडण्याचा क्रम बिघडू शकतो. पूड प्रायमर बसवणाऱ्या दांड्याच्या खोबणीत साठली तर नवा प्रायमर उंच बसतो. म्हणून प्रोग्रेसिव्हवर तर आधीच डिकॅप केलेल्या पुंगळ्याच घालाव्यात. हँडलला अचानक जड लागले तर जोर लावण्याआधी थांबा आणि आधी प्लेटखाली बघा, विशेषतः तिथे नवे, जिवंत प्रायमर रांगेत असतात तेव्हा.

अडणाऱ्या पुंगळ्या

काही पुंगळ्यांमध्ये प्रायमर निघतच नाही आणि मग जोर लावला की पिन मोडते. पहिली शंका बर्डन पुंगळीची घ्या. तिच्यात अँव्हिल पुंगळीचाच भाग असते आणि फ्लॅश होल मध्यभागी एक नसून बाजूला दोन बारीक असतात. पिन सरळ धातूवर टेकते. अनोळखी पुंगळ्यांचा ढीग आला की बॅटरीच्या उजेडात आत डोकावून बघा, दोन ठिपके दिसले की बाजूला टाका.

दुसरी शक्यता क्रिंपची. ५.५६ आणि ७.६२ नाटोच्या लष्करी पुंगळ्यांमध्ये प्रायमर हलू नये म्हणून पॉकेटच्या काठाचा धातू दाबलेला असतो. यात बहुधा प्रायमर निघतो, पण जोर जास्त लागतो आणि म्हणून उडतोही जास्त. कधी पिन वाटीचा तळ फोडून आरपार जाते आणि वाटीची कडा पॉकेटमध्ये कड्यासारखी राहते. ती न पाहता नवा प्रायमर बसवू नका. क्रिंपच्या पुंगळ्या वेगळ्या काढून एका बैठकीत सगळ्या करा आणि त्यासाठी जाड, मजबूत पिन ठेवा.

तिसरी, बारीक फ्लॅश होल. काही मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) दर्जाच्या पुंगळ्यांमध्ये ते २ ऐवजी सुमारे १.५ मिलिमीटर असते. नेहमीची पिन त्यात शिरत नाही, अडकते, किंवा शिरून पुंगळीच वर ओढते. अशा पुंगळ्यांना पातळ पिन मिळते. पिन मोडण्याचा प्रसंग आला की ली कंपनीच्या डायची रचना उपयोगी वाटते: तिचा दांडा कॉलेटमध्ये (आवळून धरणाऱ्या चिमट्यात) धरलेला असतो आणि अडथळा आला की मोडण्याऐवजी वर सरकतो. अशी डाय असेल तर दर पन्नास पुंगळ्यांनंतर दांडा सरकला नाही ना, हे तपासा. सरकला असेल तर तीच वर सांगितलेली लटकणाऱ्या प्रायमरची गळती सुरू होते.

जिवंत प्रायमर

वापरलेल्या प्रायमरच्या बाटलीत एकही जिवंत प्रायमर जाता कामा नये. हा नियम बाकी सगळ्या सोयींपेक्षा वरचा आहे. फायर न झालेल्या पुंगळीतला प्रायमर पिनने दाबून काढताना तो फुटू शकतो. काढायचाच असेल तर चष्मा घालून, चेहरा बाजूला ठेवून, रॅम अगदी हळू चालवून, एकच पुंगळी घेऊन, आणि खालचा ट्रे आधी रिकामा करून. पावडर असलेली पुंगळी कधीच नाही. निघालेला जिवंत प्रायमर परत वापरण्याचा मोह टाळा आणि तो वेगळ्या, खूण केलेल्या डबीत ठेवा.

तेलात किंवा पाण्यात बुडवले की प्रायमर मेला, हा समज धोक्याचा आहे. पाण्यात भिजलेला प्रायमर वाळल्यावर पुन्हा चालू शकतो आणि तेल सगळ्यांत सारखे झिरपत नाही. बरणीत असे पाच-पन्नास जिवंत प्रायमर मिसळले आणि एक फुटला, तर बाकीचे त्याच्या मागोमाग जाऊ शकतात. घट्ट झाकणाची काचेची किंवा लोखंडी बरणी अशा वेळी छर्ऱ्यांचे काम करते. म्हणून वापरलेल्यांसाठीही मी प्लास्टिकची बरणी वापरतो, झाकण सैल ठेवून. नवे प्रायमर मात्र त्यांच्या मूळ खोक्यातच राहू द्या, ते खोके त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठीच केलेले असते.

पूड आणि साफसफाई

बाटलीत तळाशी दोन-तीन सेंटिमीटर साबणाचे पाणी ठेवले की पडणारी पूड तिथेच बसते आणि रिकामे करताना ढग उठत नाही. प्रेसच्या ट्रेमध्ये पाणी नको, बिडाला गंज चढतो. ट्रेची पूड ओल्या कागदाने पुसा आणि तो कागद पिशवीत बांधून टाका.

कोरडा झाडू वापरू नका. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनरही नको. त्याची पिशवी बारीक पूड धरत नाही, मागच्या बाजूने ती हवेत परत येते. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो सीलबंद बसलेला असेल तरच. आणि ज्या जमिनीवर नवे प्रायमर सांडले असण्याची शक्यता आहे तिथे कोणताच व्हॅक्युम चालवू नका. जिवंत प्रायमर आतल्या पंख्यावर किंवा पाईपच्या वळणावर आपटून फुटू शकतो, आणि न जळलेल्या प्रायमरची पूड ज्वलनशील असते. आधी हाताने वेचा, मग ओल्या फडक्याने पुसा.

टेबलाखाली काठ असलेली रबरी किंवा व्हिनाइलची चटई पसरा. जे निसटेल ते तिच्यावर थांबते आणि चटई उचलून धुता येते. डिकॅपिंगच्या वेळी नायट्राइलचे हातमोजे घाला. खाणे, पिणे, धूम्रपान नाही. काम संपल्यावर गार पाण्याने आणि साबणाने हात धुवा, नखांच्या कडा विसरू नका. त्या वेळचे कपडे आणि चपला घरात फिरू देऊ नका. घरात लहान मूल असेल तर हे सगळे दुप्पट काटेकोर व्हायला हवे. जमिनीवर रांगणारे मूल हात तोंडात घालते, आणि मुलांच्या रक्तातल्या शिशाबाबत सुरक्षित अशी पातळी मानली जात नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठीचे संदर्भमूल्य प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ वर आणले. वर्षाला हजारो पुंगळ्या करणाऱ्याने स्वतःचीही रक्तातील शिशाची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. शिसेमुक्त प्रायमर वापरत असाल तर ही चिंता बरीच कमी होते, पण काजळी श्वासात घ्यावी अशी वस्तू तेव्हाही नसते.

रॅमची निगा वेगळी. डिकॅपिंगचे काम त्याच प्रेसवर होत असेल तर दर पाचशे पुंगळ्यांनंतर रॅम पूर्ण वर घेऊन कोरड्या फडक्याने पुसा, खाचेतली पूड कापसाच्या काडीने काढा आणि मग हलक्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. तेल जास्त झाले की पूड त्याला चिकटते. ओघळ दिसत असेल तर ते जास्तच झाले आहे.

जमलेल्या प्रायमरचे काय करायचे

हजार लहान प्रायमर साधारण पाव किलोच्या आसपास भरतात, मोठे असतील तर त्याहून जास्त. पितळ असल्यामुळे ते भंगारात जातात, पण सगळेच भंगारवाले घेत नाहीत. वापरलेले आणि न वापरलेले यातला फरक त्यांना बघून सांगता येत नाही, आणि भट्टीत एखादा जिवंत प्रायमर फुटला तर कामगाराला इजा होऊ शकते, ही त्यांची भीती खरी आहे. आधी विचारा, पुंगळ्यांच्या पितळात मिसळून फसवून देऊ नका. मिश्रण दिसले की अख्ख्या पोत्याचा भाव पडतो. भंगारवाल्याने नाही म्हटले तर शिसे असलेला धोकादायक घरगुती कचरा म्हणून स्थानिक केंद्रात द्या. कचऱ्याच्या नेहमीच्या डब्यात नको. घरी वितळवून पितळ करण्याचा विचारही नको, त्यात शिशाचा धूर होतो.

बरणीवर जाड अक्षरात ‘वापरलेले प्रायमर, शिसे’ असे लिहा आणि ती मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर ठेवा. पूर्ण भरू देऊ नका, पाऊण झाली की रिकामी करा.